सिस्टर, मशीन वाजतंय

आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त वेळा लिहिली जाणारी तक्रार म्हणजे ‘मॉनिटर उगाच वाजतो’. कधी ती ‘विनाकारण आवाज’ अशी येते, कधी नुसती ‘अलार्म प्रॉब्लेम’ अशी. चोपड्याकडच्या एका सिस्टरने रजिस्टरमध्ये लिहिलं होतं, ‘मॉनिटर ऐकत नाही’. मला ते वाक्य फार आवडलं.

मी आयसीयूतली यंत्रं दुरुस्त करतो. भुसावळपासून नंदुरबारपर्यंत सुरत लाइनने, आणि लाइन नाही तिथे एसटीने फिरतो. बॅगेत मल्टिमीटर, सिम्युलेटर (पेशंटऐवजी मॉनिटरला जोडायचं, नकली ठोके देणारं यंत्र), जास्तीच्या केबली आणि घरचा डबा. जिल्ह्याच्या ठिकाणची सरकारी आयसीयू, ट्रस्टची आयसीयू, आणि बाजारपेठेत खाली मेडिकल, वर सहा खाटा अशी आयसीयू, या सगळ्यांत जाऊन आलोय. डॉक्टर यंत्राकडे येऊन जातात, नातेवाईक काचेतून बघतात. यंत्रासोबत रात्रभर राहतात त्या सिस्टर. त्यामुळे या धंद्यात माझं बोलणं मुख्यतः त्यांच्याशीच झालं आहे.

तक्रार आली म्हणून मी जातो आणि बहुतेक वेळा मॉनिटर चांगला निघतो. सिम्युलेटर जोडला की पडद्यावर सुरेख ईसीजी धावायला लागतो, आकडे जागच्या जागी येतात, आवाज बंद. सिस्टर माझ्याकडे बघते, म्हणजे आता खोटी मी का, असं. पण सिम्युलेटरला घाम येत नाही. त्याला खोकला येत नाही, तो कूस बदलत नाही, शुद्धीवर येताना नळ्या ओढत नाही. वायरी माणसाला लावल्या की पुन्हा सुरू. मग बॅग बाजूला ठेवून खाटेकडे बघावं लागतं.

छातीवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडच्या मधोमध ओलं जेल असतं. ते वाळलं की हृदयाकडून येणारा बारीकसा विद्युत-संकेत नीट पोचत नाही, पडद्यावरची रेघ थरथरते आणि यंत्राला वाटतं हृदयच फडफडतंय. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. त्यात एसी बंद पडला की घामाने पट्ट्या सुटतात आणि ‘लीड ऑफ’चा आवाज सुरू होतो. बोटाला लावायचा जो प्रोब एकदा वापरून टाकायचा, तो मायक्रोपोरची चिकटपट्टी गुंडाळून महिनाभर चालवतात. ज्या हाताला बीपीचा कफ त्याच हाताला प्रोब असेल तर बघायलाच नको. ठरल्या वेळी कफ फुगतो, हातातलं रक्त अडतं, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ‘पडतं’, यंत्र ओरडतं. कफ सैल झाला की सॅच्युरेशन ‘सुधारतं’. पेशंटला यातलं काहीही झालेलं नसतं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवसांत माहेरी आलेल्या पोरींच्या बोटांच्या टोकांवर गडद मेंदी असते, तिच्यातून प्रोबचा प्रकाश नीट आरपार जात नाही. तेव्हा मेंदी नसलेलं बोट शोधायचं, नाहीतर कानाची पाळी. हे मला अमळनेरच्या एका सिस्टरने शिकवलं, कंपनीच्या प्रशिक्षणात नव्हतं.

आणि लाइट जाणं. लाइट गेली की व्हेंटिलेटर सांगतो मी बॅटरीवर गेलो, ठरल्या वेगाने औषध सोडणारे सिरिंज पंप एकामागून एक तेच सांगतात, कोपऱ्यातला यूपीएस आपला वेगळा सूर लावतो. जनरेटर सुरू होईस्तोवर सगळी खोली बोंबलत असते. यातला एकही आवाज पेशंटबद्दल नसतो. सगळे भिंतीतल्या सॉकेटबद्दल बोलत असतात. पण ते सगळे ऐकायचे सिस्टरनेच.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आयसीयू म्हणजे शांत जागा. दवाखान्याच्या फाटकावर ‘शांतता क्षेत्र’ अशी पाटी असते. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे दवाखान्याभोवती १०० मीटरपर्यंत दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलच्या वर आवाज जाता कामा नये. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला तर वॉचमन धावून जातो. तोच वॉचमन आत येऊन मॉनिटरला काय बोलणार?

एका खाटेशी काय काय असतं बघा. मॉनिटर एक, पण त्यात ईसीजी, सॅच्युरेशन, बीपी, श्वास, तापमान या प्रत्येकाची वरची आणि खालची मर्यादा. व्हेंटिलेटरच्या दाबाच्या, हवेच्या मापाच्या, श्वासांच्या संख्येच्या मर्यादा वेगळ्या. तीन-चार सिरिंज पंप, त्यांचं ‘औषध संपत आलं’, ‘लाइन अडली’, ‘बॅटरी कमी’. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी असेल तर तिचा पंप. अशा सहा-आठ खाटा एका दालनात, आणि भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आयसीयूत खाटेमागे एक नर्स असा असला तरी रात्री मला दिसतात त्या एकेका नर्सकडे तीन, कुठे चार खाटा.

या आवाजांना नियम आहेत. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे जिवावरचं संकट असेल तर लाल दिवा आणि दहा ठोक्यांचा आवाज, मध्यम असेल तर पिवळा दिवा आणि तीन ठोके, नुसती सूचना असेल तर फिका निळा आणि एक-दोन ठोके. कागदावर छान आहे. २००६च्या मानकात तर ऑक्सिजनचा सूर वेगळा, हृदयाचा वेगळा, औषधाचा वेगळा अशा छोट्या सुरावटी दिल्या होत्या, म्हणजे न बघता कानानेच कळावं. लोकांवर त्यांची नीट चाचणी झालीच नव्हती. पुढे चाचण्या झाल्या तेव्हा त्या शिकायलाही अवघड आणि एकमेकींत घोटाळा करणाऱ्या निघाल्या, आणि ज्या डॉक्टरांनी त्या रचल्या होत्या त्यांनी जाहीर माफी मागितली. तंत्रज्ञानाच्या इतिहासात असं मोठं मन क्वचित दिसतं. २०२०मध्ये मानकात सुधारणा होऊन हृदयासाठी हृदयाच्या ठोक्यासारखा, अशा अर्थवाही आवाजांची सोय झाली. पण मानक बदललं म्हणून शिरपूरचा किंवा शहाद्याचा मॉनिटर बदलत नाही. आमच्याकडे यंत्र विकत घेतात ते मरेपर्यंत चालवायला, आणि मेलं की मला बोलावतात.

आवाज मोजायचं काम मी फिरतो तिथे कुणी करताना दिसलं नाही. मॉनिटरच्या पोटात अलार्मची नोंद असते, पण पेशंटला यंत्रातून डिस्चार्ज केलं की तीही पुसली जाते. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठाच्या रुग्णालयात ते काम झालं. मार्च २०१३च्या ३१ दिवसांत मोठ्यांच्या पाच आयसीयूंमध्ये, ७७ खाटांवर, २५,५८,७६० अलार्म नोंदले गेले. त्यातले कानाला ऐकू येणारे ३,८१,५६०, त्यांच्या हिशेबाने दर खाटेला दिवसाला १८७. हृदयाच्या बिघडलेल्या तालाचे १२,६७१ अलार्म त्यांनी एकेक करून तपासले, तर ८८.८ टक्के खोटे निघाले. हे २०१४मध्ये छापून आलं. त्याआधी २०१३मध्येच तिथल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने इशारा दिला होता. जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात त्यांच्याकडे अलार्मशी संबंधित ९८ घटना आल्या होत्या, त्यांतल्या ८० जणांचा जीव गेला होता. आणि त्याच इशाऱ्यात लिहिलं होतं की ८५ ते ९९ टक्के अलार्मना काही उपचार करावाच लागत नाही.

हे दोन्ही आकडे एकत्र वाचले पाहिजेत असं मला वाटतं. नुसता ८०चा आकडा वाचला की माणूस विचारतो, सिस्टर काय करत होत्या? ९९ टक्क्यांचा वाचला की तो प्रश्न तोंडातून निघत नाही.

मानसशास्त्रवाल्यांनी याचा वेगळा अभ्यास केला आहे. एखादा इशारा दहातून एकदाच खरा ठरत असेल तर बहुतेक माणसं त्याला साधारण तेवढ्याच वेळा उत्तर देतात. यात आळस नसतो, निष्काळजीपणाही नसतो. डोकं हिशेब करत असतं. माझे मामा रावेरकडे केळीचा मळा राखायचे. रात्री कुत्री भुंकायची, तर खाटेवरूनच ते सांगायचे, ही गाडीवाटेवरून जाणाऱ्या माणसावर भुंकतायत, ही रानडुकरावर. प्रत्येक भुंकण्याला उठले असते तर तिसऱ्या रात्री डुक्कर आलं असतं तेव्हा गाढ झोपलेले सापडले असते. सिस्टरचं काम तसंच आहे. फरक इतकाच की मामांची कुत्री डुकरावर वेगळी भुंकायची.

नवी मुलगी ड्यूटीला लागली की पहिल्या आठवड्यात प्रत्येक आवाजाला पळते. धडगावकडची एक होती, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून आलेली, तिच्या चपलेचा आवाज मॉनिटरपेक्षा जास्त यायचा. काही महिन्यांनी मी पुन्हा गेलो तेव्हा ती चार्ट लिहीत बसली होती, मागे पिवळा अलार्म वाजत होता आणि तिने मानही वळवली नाही. मला क्षणभर वाटलं, गेली ही पण. मग लाल वाजला, तेव्हा ती टेबलावर नव्हतीच. कधी उठली मला कळलं नाही. व्हेंटिलेटरची नळी सुटली होती, तिने ती बसवली, छातीकडे दोन-तीन श्वास बघितलं, परत येऊन अर्धं वाक्य पुढे लिहायला घेतलं. हे तिला कुणी शिकवलं? कुठल्याच अभ्यासक्रमात ‘कशाला पळायचं नाही’ असा धडा नाही. तो प्रत्येकीने आपल्या झोपेच्या आणि पेशंटच्या जिवाच्या भरवशावर शिकायचा.

आता विषबाधेचं बोलतो, कारण ते आमचं आहे.

कापसावर फवारणी सुरू झाली की आयसीयूत ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकांचे पेशंट येतात. काही वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारून आलेले, बरेच स्वतः प्यायलेले. त्यांना अ‍ॅट्रोपिन हा उतारा देतात, छाती कोरडी होईपर्यंत, घाम थांबेपर्यंत, नाडी वर येईपर्यंत, आणि मग पंपावर चालू ठेवतात. अ‍ॅट्रोपिनने हृदय वेगात चालतं. ते चालावं असंच अपेक्षित असतं. १२५, १३०. माझ्या हातातून गेलेले बहुतेक मॉनिटर कारखान्यातून येतात ते हृदयगतीची मर्यादा ५० ते १२० अशी घेऊन. म्हणजे उपचार नीट लागू पडला की मॉनिटर बोंबलायला लागतो आणि दिवसेंदिवस बोंबलत राहतो. आवाज बंदचं बटण दाबलं तर दोन मिनिटं गप्प, पुन्हा सुरू. एका रात्रीत ते बटण किती वेळा दाबलं जात असेल याचा हिशेब वाचकाने करावा. मला बटणाच्या झिजलेल्या चित्रावरून कळतं.

आणि खरी गोम पुढे आहे. या पेशंटला धोका खालच्या बाजूला असतो. पंप अडला, औषध कमी पडलं, तर नाडी १३० वरून ११०, ९०, ७० अशी उतरते, तोंडाला फेस येऊ लागतो, छाती घरघरते. पण १२०च्या खाली आल्याबरोबर मॉनिटर शांत होतो! ५०पर्यंत तो काही बोलणार नाही. पेशंट बरा असताना जो रात्रभर ओरडत होता, तो बिघडायला लागल्यावर गप्प. ज्यांना हे ठाऊक आहे अशा सिस्टर या खाटेवर आवाज थांबला की उठतात. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. सगळ्या खोलीत पिं पिं चाललेली, आणि एका कोपऱ्यातली पिं पिं थांबली म्हणून एक बाई हातातलं इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवून त्या कोपऱ्याकडे गेली.

उपाय साधा आहे. डॉक्टरांनी त्या पेशंटपुरती वरची मर्यादा वाढवायची, खालची ८०च्या आसपास आणायची, चार्टवर लिहायचं. एका मिनिटाचं काम. पण बटण कुणी दाबायचं? बऱ्याच ठिकाणी मर्यादा बदलायला पासवर्ड ठेवलेला असतो आणि तो सिस्टरकडे नसतो. रात्रीचे आरएमओ (निवासी डॉक्टर) म्हणतात, सरांना विचारू. सर सकाळच्या राउंडला येतात तेव्हा घाई असते आणि सिस्टर आवाजाची तक्रार कशाला करेल, तिला ऑक्सिजनचं, तपासणीचं, नातेवाइकांचं सांगायचं असतं. बिडी आणि चुलीच्या धुराने फुप्फुसं गेलेल्या म्हाताऱ्यांचं असंच. त्यांचं सॅच्युरेशन ८८ ते ९२ ठेवायचं असतं, मॉनिटरची खालची मर्यादा ९०. आजोबा हवे तिथे आहेत आणि यंत्र दर थोड्या वेळाने बोंब मारतंय.

विषबाधा झालेल्या पोराची आई बाहेर बाकावर बसलेली असते. दार उघडलं की तिला आवाज ऐकू येतो. पारोळ्याकडची एक माउली दर वेळी उठून दारात यायची. “सिस्टर, वाजी ऱ्हायनं ना वं ते. मना पोऱ्याले काय व्हयनं?” आणि सिस्टर, मूळची साक्रीची, तितक्याच वेळा सांगायची, “काही नही व्हयनं माय, औषधमुये वाजी ऱ्हायनं.” तिने ते चिडून सांगितलेलं मी एकदाही ऐकलं नाही. पण हेही कामच आहे, आणि ते कुठल्याच चार्टवर चढत नाही.

मण्यार चावलेला पेशंट उलट टोकाचा. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते, दात लागल्याचं बऱ्याचदा कळतही नाही. पहाटे पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, मग श्वास. व्हेंटिलेटरवर असतो तेव्हा तो प्रेतासारखा दिसतो, एक बोट हलत नाही, आणि आतून पुष्कळदा पूर्ण जागा असतो. ऐकत असतो. यावलकडच्या एका तरुणाने बरा झाल्यावर सिस्टरला सांगितलं की मला सगळं ऐकू येत होतं, तुम्ही डब्यात काय आणलं तेसुद्धा. प्रत्येक बीप मला वाटायची, आपलीच. शेजारच्या खाटेवरचा सिरिंज पंप संपला तरी त्याला वाटायचं, आपण चाललो. डोळे उघडून बघायची सोय नाही, विचारायची सोय नाही. तेव्हापासून ती सिस्टर अशा पेशंटच्या कानाशी जाऊन सांगते, हा आवाज तुमचा नाही बरं का भाऊ. मला तोवर अलार्मचा त्रास म्हणजे नर्सचा त्रास एवढंच माहीत होतं.

एक आवाज मात्र असा आहे की त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. सॅच्युरेशन मापायची ही पद्धत जपानच्या ताकुओ आओयागी या अभियंत्याने १९७४मध्ये मांडली. पुढच्या यंत्रांत एक युक्ती आली. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला टिक् असा सूर, आणि सॅच्युरेशन खाली गेलं की सूरही खाली जातो. ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञ पाठमोरे उभे असतात, काहीतरी भरत असतात, आणि सूर अर्ध्या पट्टीने उतरला की मान वळते. कुणी ओरडलेलं नसतं, मर्यादाही ओलांडलेली नसते. उतरणं सुरू झालं, एवढंच कानाला कळतं. आयसीयूत हा सूर आम्ही बंद करून ठेवतो. आठ खाटांचे आठ सूर एकदम कोण ऐकणार? म्हणजे जो आवाज खरोखर काही सांगतो तो बंद, आणि जे सांगत नाहीत ते चालू. आओयागी एप्रिल २०२०मध्ये गेले. त्यानंतर वर्षभरातच जळगावच्या मेडिकलांत बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरसाठी रांगा होत्या आणि रांगेतल्या कुणाला त्यांचं नाव माहीत असायचं कारण नव्हतं.

मग इतकं वाजवायचं कशाला? माझ्या धंद्यातलं उघड गुपित आहे ते. यंत्र वेळेवर वाजलं नाही आणि पेशंट दगावला, तर कंपनीवर दावा होतो. यंत्र हजारदा खोटं वाजलं तर कंपनीवर काहीच होत नाही. म्हणून कंपनी सगळं वाजवून ठेवते. दवाखान्यालाही तेच सोयीचं, कारखान्याची मर्यादा आहे तशी ठेवली की कुणी विचारणार नाही. वाजलं म्हणजे यंत्राची जबाबदारी संपली. तिथून पुढे जे काही होईल ते ड्यूटीवरच्या बाईच्या नावावर. काही बिघडलं की मेमो निघतो, ‘अलार्म बंद का केला याचा खुलासा करावा.’ त्या रात्री तिने खोटे किती बंद केले आणि खरे किती ओळखले याचा खुलासा मागणारा मेमो मी अजून पाहिलेला नाही.

खरेदीच्या वेळचा डेमो तर बघण्यासारखा असतो. ट्रस्टच्या अध्यक्षांची केबिन, एसी, चहा-बिस्किटं. सेल्समन स्वतःच्या बोटाला प्रोब लावतो, ९९ येतं, सगळे मान डोलावतात. पडदा किती इंची, रंग किती, वॉरंटी किती. मर्यादा बदलायला किती वेळा बटण दाबावं लागतं, हातमोजे घातलेल्या ओल्या बोटाने दाबलं जातं का, हे विचारणारं माणूस त्या वेळी वरच्या मजल्यावर कुणाचं तरी सक्शन करत असतं.

कमी करता येतं का? येतं, आणि फार खर्चही लागत नाही. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात इलेक्ट्रोड रोज बदलायचा एवढाच नियम करून पाहिला, तर अलार्म ४६ टक्क्यांनी घटले. बॉस्टन मेडिकल सेंटरच्या हृदयरुग्णांच्या वॉर्डात मर्यादा नव्याने ठरवल्या आणि त्या पेशंटप्रमाणे बदलायची मुभा नर्सना दिली. आठवड्याला ८७,८२३ असलेले ऐकू येणारे अलार्म ९,९६७ वर आले. सॅच्युरेशन पडल्यावर लगेच न बोंबलता काही सेकंद थांबून वाजायची सोय पुष्कळ मॉनिटरांत असते. तेवढ्यात खोकला थांबतो, हात सरळ होतो, आकडा वर येतो. एका अभ्यासात दिसलं होतं की १९ सेकंद थांबलं तर निरर्थक अलार्मांपैकी ६७ टक्के वाजलेच नसते. अर्थात हे १९ सेकंद सगळीकडे चालायचे नाहीत. नळी सुटली तर एक सेकंदही थांबायला नको. कुठे थांबायचं आणि कुठे नाही हे ठरवायला बसावं लागतं, डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी, एका टेबलाला. आमच्याकडे ते टेबल मिळणं अवघड आहे.

तरी एका तालुक्याच्या गावच्या दवाखान्यात, मालक डॉक्टर भले आहेत म्हणून, इनचार्ज सिस्टरने स्वतःच्या अखत्यारीत काही गोष्टी चालू केल्या आहेत. सकाळच्या स्पंजिंगनंतर इलेक्ट्रोड बदलायचेच. त्वचा आधी कोरडी पुसायची. कफ एका हाताला, प्रोब दुसऱ्या. ड्यूटी बदलताना ओव्हर (पेशंटची माहिती) देताना औषधांबरोबर मर्यादाही सांगायच्या, ‘चार नंबरला वर १५०, खाली ८०.’ पंपाची सिरिंज संपायच्या आधी पुढची भरून ठेवायची, म्हणजे तो ओरडायलाच नको. मी विचारलं, आवाज कमी झाला का? म्हणाल्या, “झालाय. पण पहिले दोन दिवस पोरी घाबरल्या होत्या. इतकं शांत कसं, मॉनिटर बंद पडले का, म्हणून जाऊन जाऊन बघत होत्या.” आणि हसल्या. त्या दवाखान्याकडून ‘मॉनिटर उगाच वाजतो’चा फोन आता येत नाही, म्हणजे माझा धंदा तेवढा कमी झाला.

दुसऱ्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात नवे मॉनिटर घ्यायचं चाललं आहे. मी सांगून पाहिलं की डेमो केबिनमध्ये नको, रात्री वॉर्डात ठेवा, दोन दिवस वापरायला द्या, आणि खरेदी समितीत दोन आयसीयू सिस्टर घ्या, एक जुनी आणि एक नवी. ऑफिसातले साहेब म्हणाले, “त्यांना टेक्निकलमधलं काय कळतं?” मी म्हटलं, मला जे कळतं त्यातलं निम्मं त्यांनीच सांगितलेलं आहे. ते म्हणाले, लेखी द्या. दिलं आहे. समितीची बैठक दिवाळीनंतर आहे. तोवर रोज नवे इलेक्ट्रोड द्यायला स्टोअरने होकार भरलाय, पण फक्त व्हेंटिलेटरवरच्या खाटांना. बाकीच्या खाटांचं बैठकीत बघू म्हणतात.